रेग्झीनवरची बुरशी

नव्या रेग्झीनचा वास मला लहानपणापासून आवडतो आणि आजही आवडतो. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम ऐकलं की लोक धरूनच चालतात, हिला प्लास्टिकचा राग असणार. मला राग नाही. लातुरात गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या एका गल्लीत आमच्या अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान आहे. ताडपत्री, टेबलावर अंथरायचं मेणकापड, मोटारसायकलच्या सीटला लागणारं रेग्झीन, झाडांना पाणी घालायची हिरवी नळी, गवंडी लोक उंची जुळवायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप. याच मालावर आम्ही भावंडं शिकलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी रेग्झीनच्या गुंडाळ्यांवर आडवी होऊन अभ्यास करायची, आणि तो वास नाकात भरून राहायचा.

नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला गेले तेव्हा कळलं, की ज्या प्लास्टिकची ही नळी आणि हे रेग्झीन बनतं ते मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक रसायन मिसळतात. पुस्तकात त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मी तेलच म्हणते. हे तेल प्लास्टिकला घट्ट जोडलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं. त्यामुळे ते हळूहळू बाहेर येत राहतं. पाण्यात जातं, मातीत जातं, आपल्या पोटात जातं आणि शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात लुडबुड करतं. आमच्या दुकानात जुन्या रेग्झीनला ‘वाळलं’ म्हणतात. वाळलं म्हणजे त्यातलं तेल निघून गेलं. कुठं गेलं, हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. आमच्या गोदामामागं एक मोकळी जागा आहे. फाटलेली सीट कव्हरं, नळ्यांचे तुकडे, उंदरांनी कुरतडलेली ताडपत्री, सगळं वर्षानुवर्षं तिथंच पडायचं. शेजारून नाली जात असल्यानं तिथली काळी माती कायम ओली. एक सीट कव्हर मी काडीनं उलटं केलं. खालच्या बाजूला काळपट ठिपके होते आणि जिथं ठिपके दाट होते नेमकं तिथंच रेग्झीन कडक होऊन चिरलं होतं. उन्हानं चिरलं असतं तर वरून चिरायला हवं होतं. म्हणजे त्यातलं तेल ही बुरशीच खात असावी. मी तिथंच उकिडवी बसले आणि ठिपके खरवडून काचेच्या लहान बाटलीत घ्यायला लागले.

अप्पा मागून आले. नुकतीच इष्टलिंगाची पूजा उरकली होती, कपाळावर विभूती ओलीच होती.

“काय करायलीस माय? दुकानात नवा माल असताना त्या घाणीत काय धुंडाळायलीस?”

“बुरशी न्यायलेय अप्पा. नांदेडला.”

“लोकं बुरशी लागली की भाकर फेकून देतेत. हिला शिकवलं, तर ही बॅगेत घालून न्यायली!”

अप्पा हसले, पण आवाजात थोडी काळजी होती. लग्नाची स्थळं यायला लागली होती आणि ‘मुलगी काय करते’ या प्रश्नाला ‘बुरशी गोळा करते’ हे उत्तर कसं द्यायचं, असं ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. मी आईला म्हटलं, असंच द्यायचं, पळणारे पळून जातील. बरेच पळाले.

पीएचडीला ज्या मॅडमकडं नाव नोंदवलं त्या आमच्या विभागात एकट्याच बाई. त्यांची खोली म्हणजे आधीची अडगळ. तिला दार बसवून घ्यायलाही त्यांना भांडावं लागलं होतं. माझा विषय ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“असलं काम पुष्कळांनी केलंय. तू नवीन काय करणार?”

“आमच्या गल्लीतली बुरशी कुणी तपासली नाही, मॅडम.”

“तेल मोजायचं मशीन दुसऱ्या विभागात आहे. नंबर लागता लागत नाही.”

“मी थांबीन.”

“थांब मग. पण अर्धवट सोडलंस तर माझ्या दारात उभी राहू नको.”

प्रयोग तसा साधा. चंबूत पाणी आणि थोडे क्षार घालायचे आणि खायला म्हणून फक्त ते तेल. साखर नाही, पिठूळ काही नाही. ज्याला तेल पचेल तो जगेल. आणलेल्या बुरश्यांपैकी बहुतेक उपाशी मेल्या. एक जगली. हलत्या चंबूत तिचे पांढरे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोळे तयार झाले आणि तेलाचे थेंब त्या गोळ्यांना चिकटायला लागले. मी रोज सकाळी दार उघडलं की आधी तिच्याकडं बघायची. वसतिगृहातल्या मैत्रिणी विचारायच्या, “आज जेवली का तुझी लेक?”

त्याच सुमारास आमच्या प्रयोगशाळेतल्या, शुद्ध पाणी तयार करणाऱ्या यंत्राची रबरी नळी फाटली. अप्पा फराळाचं द्यायला नांदेडला आले होते, त्यांनी ती बघितली आणि पुढच्याच एसटीच्या कंडक्टरबरोबर लेव्हल पाईपचं अख्खं भेंडोळं पाठवून दिलं. तिचाच तुकडा आम्ही यंत्राला बसवला. लेकीच्या प्रयोगशाळेत आपल्या दुकानचा माल लागला, याचा त्यांना एवढा आनंद की गल्लीत सगळ्यांना सांगून झालं.

मशीनचा नंबर लागला आणि निकाल आला. बुरशीच्या चंबूतलं तेल पुष्कळ कमी झालं होतं. मॅडमनी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा माझ्यासाठीही चहा मागवला. मी मात्र कागदाच्या शेवटच्या ओळीकडं बघत होते. आमच्या प्रत्येक प्रयोगात एक कोरी बाटली असते. तिच्यात तेल घालत नाहीत, बुरशीही घालत नाहीत. नुसतं पाणी आणि क्षार. तिच्यात काहीच निघायला नको. तिच्यात तेल निघालं होतं.

“मॅडम, कोऱ्या बाटलीत पण आहे.”

“थोडंच आहे.”

“थोडं न्हाई मॅडम. चांगलं आहे. न घालता कुठून आलं?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “हे बघ, पुढच्या महिन्यात समितीसमोर तुझं सादरीकरण आहे. बाहेरचे तज्ज्ञ येणार. ही ओळ काढून टाक. बुरशी काम करते, एवढं दाखव.”

“ओळ काढली तर बाकीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवणार?”

“ओळ काढली तर कुणाला कळणारच नाही!”

“मला कळलंय की.”

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मला त्यांचा राग आला, आणि त्या असं का म्हणतात हेही समजत होतं. विभागातले पुरुष त्यांच्या एका चुकीची वाट बघत बसलेले होते. पण मी ठरवलं ते ठरवलं.

सादरीकरणाच्या दिवशी मी तो तक्ता पूर्ण दाखवला. कोरी बाटली सगळ्यात वर घेतली, म्हणजे कुणाची नजर चुकायला नको. बाहेरून आलेले तज्ज्ञ पुढं वाकले.

“म्हणजे तुमचं सगळं काम वाया गेलं, असं समजायचं का?”

“नाही सर. बुरशी काम करते की नाही, हे मला अजून माहीत नाही, असं समजायचं. पाण्यातच तेल येत असेल तर ते कुठून येतं हे आधी शोधायला हवं.”

“हे तुमच्या मार्गदर्शकांना ठाऊक आहे?”

हो म्हटलं तर मॅडम अडकणार आणि नाही म्हटलं तर मी खोटी पडणार. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून मॅडम उठल्या.

“ठाऊक आहे. ती ओळ काढ, असं मीच तिला म्हणाले होते. तिनं ऐकलं नाही.”

मॅडमनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, “तेल कुठून आलं ते आम्ही शोधू. आम्हाला पुढची सहामाही द्या.” मग खाली बसल्या.

समितीनं मुदत दिली. बाहेर व्हरांड्यात मॅडम माझ्यावर भडकल्या.

“चारचौघांत उघडं पाडलंस मला.”

“तुम्ही स्वतःच सांगितलं मॅडम.”

“ऐनवेळी खोटं बोलवलं नाही, म्हणून!” असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या. पुढं बरेच दिवस कामापुरतं बोलायच्या. मीही तेवढंच बोलायची. पण मशीनच्या नंबरासाठी दुसऱ्या विभागप्रमुखाच्या दारात जाऊन त्या उभ्या राहिल्या, हे मला त्यांच्याकडून नाही, तिथल्या मुलांकडून कळलं.

मी एकेक वस्तू तपासायला घेतली. हातमोजे, प्लास्टिकची टोपणं, द्रव मोजून घ्यायच्या प्लास्टिकच्या नळ्या, बाटल्यांची बुचं. सगळ्यांतून थोडं थोडं तेल उतरत होतं. ज्या गोष्टीचा मी पाठलाग करत होते ती माझ्याच बोटांना लागलेली होती. शेवटी पाणी तयार करणाऱ्या यंत्राजवळ आले. नळीत शिरण्याआधीचं पाणी एका बाटलीत घेतलं आणि नळीतून बाहेर पडलेलं दुसऱ्या बाटलीत. आधीचं जवळपास स्वच्छ होतं. नंतरच्या पाण्यात तेल होतं. गरम पाणी त्या मऊ, पारदर्शक नळीतून यायचं आणि येताना तिचं तेल घेऊन यायचं. ती अप्पांची लेव्हल पाईप होती.

शनिवारची एसटी पकडून अहमदपूरमार्गे लातूरला आले. दुकानात गेले तेव्हा एक गवंडी नळी मोजून घेत होता.

“अप्पा, तुम्ही पाठवलेली पाईप काढून टाकली.”

“का? फुटली? आपला माल फुटत न्हाई.”

“फुटली न्हाई. पाण्यात तिचं तेल उतरतंय.”

अप्पांनी गवंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याची नळी कापून दिली, त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं आणि परत आले.

“गिऱ्हाइकासमोर बोलायची ही रीत हाय का? मी काय इख विकायलोय?”

“इख म्हटलं न्हाई मी. लेव्हल बघायला ती पाईप चांगलीच हाय. पण प्यायचं पाणी तिच्यातून नेऊ नका, गरम तर न्हाईच, एवढं घेणाऱ्याला सांगा.”

“समोरचा दुकानदार सांगतो का?”

“न सांगू दे. तुम्ही सांगा.”

“आन् गिऱ्हाईक त्याच्याकडं गेलं की मी काय करू? तुझी बुरशी विकू?”

“अप्पा, तुमची पाईप वाईट हाय म्हणून मी आले न्हाई. माझ्या प्रयोगात काय निघालं ते तुम्हाला आधी सांगायचं, दुसऱ्याकडून कळू द्यायचं न्हाई, म्हणून आले.”

त्या संध्याकाळी ते माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत. आई मधे पडायला लागली तर मी तिला म्हटलं, “त्यांना रागवू दे. मी बोलले ते बरोबर आहे.” आई म्हणाली, “तू बी त्यांचीच लेक. दोघंबी अडून बसा.” मी सकाळच्या गाडीनं नांदेडला परतले. अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी हात वर केला नाही, पण आतही गेले नाहीत.

मग मी प्रयोगशाळेतून प्लास्टिक हद्दपार केलं. कपाटांच्या तळाशी जुन्या काळच्या काचेच्या मोजनळ्या पडल्या होत्या, त्या घासून काढल्या. झाकणांऐवजी धातूचा पातळ पत्रा गुंडाळला. पाणी साठवायला स्टीलची दुधाची किटली आणली. राहिली यंत्राची नळी. तशी वाकडी काचेची नळी तयार मिळेना, म्हणून सरळ नळी आणून बर्नरवर वाकवायला बसले. पहिल्या काही नळ्या मोडल्या. बोटं भाजली. विभागातला एक प्राध्यापक दारातून बघत म्हणाला, “आता काचकाम पण शिकवायला लागल्या का तुमच्या मॅडम?”

“हो सर,” मी म्हटलं. “तुमच्याकडं शिकवत नाहीत का?”

शेवटी एक नळी जशी हवी तशी वाकली. तिच्यातून आलेल्या पाण्यानं भरलेली कोरी बाटली मशीनवर गेली आणि या वेळी तिच्यात नाव घ्यावं असं काही निघालं नाही. मी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, परत वाचला. “आता सुरू कर,” एवढंच म्हणाल्या. पण चष्मा पुसत बसल्या बराच वेळ.

सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी आणखी एक चंबू ठेवला. त्यात मारलेली बुरशी. तापलेल्या वाफेत घालून तिचा जीव घेतलेला. मेलेली बुरशी तेल मोडू शकत नाही. पण तेल तिला नुसतं चिकटू शकतं. घास तोंडात धरून ठेवणं वेगळं आणि चावून गिळणं वेगळं, तसंच हे. निकाल आला तेव्हा कळलं, की पाण्यातून कमी झालेल्या तेलातलं बरंचसं नुसतं चिकटलेलं होतं. पहिल्या कागदावर जे जोरकस दिसत होतं त्यातला मोठा भाग खोटा होता. पण जिवंत बुरशीच्या चंबूत तेलाचे तुटलेले तुकडेही सापडले, आणि ते मेलेल्या बुरशीच्या चंबूत नव्हते. म्हणजे ती खरोखर तोडत होती. सावकाश, पण तोडत होती. त्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नाही. चंबू हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता बोला कोण बोलतंय ते.

एका स्थानिक पत्रकाराला हे कुठून तरी कळलं आणि ‘प्लास्टिक खाणारी बुरशी सापडली’ म्हणून बातमी आली. मी त्याला फोन करून सांगितलं, ती प्लास्टिक खात नाही. तो म्हणाला, “मॅडम, ‘प्लास्टिकमधून सुटलेलं तेल मोडणारी’ असं मथळ्यात बसत नाही.” मी म्हटलं, तुमचा मथळा लहान आहे, त्याला माझी बुरशी काय करणार? त्यानं दुरुस्ती छापली नाही. गल्लीत मात्र अप्पांची थट्टा सुरू झाली. पोरीची बुरशी दुकानाला लागली तर काय करणार, असं लोक विचारायचे.

पीएचडीच्या खुल्या मुलाखतीला अप्पा आले. न सांगता आले. पांढरा सदरा, टोपी, मागच्या रांगेत. परीक्षकांचे प्रश्न झाले. मी कोऱ्या बाटलीची सगळी हकीकत सांगितली, नळी कुठल्या प्रकारची होती तेही. कुठून आली ते कुणी विचारलं नाही. मग रिवाजाप्रमाणे परीक्षक म्हणाले, “सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे?”

अप्पा उभे राहिले.

“मी व्यापारी माणूस. इंग्रजी कळालं न्हाई, पण चित्रं बघितली. मला एवढंच सांगा, ही बुरशी माझ्या गोदामातल्या नव्या मालाला लागंल का?”

लोक हसले. मी हसले नाही.

“लागू शकते. ओल राहिली आणि माल बरेच दिवस हलला नाही, तर. गोदाम कोरडं ठेवायचं.”

“आन् ती पाईप?”

आता हसणं थांबलं.

“ती पाण्यात तेल सोडते. गरम पाण्यात जास्त सोडते.”

“बरं,” अप्पा म्हणाले. “ती नळी माझ्याच दुकानची होती. लपवायचं काय त्यात? आता कुणी प्यायच्या पाण्याला म्हणून मागितली तर देत न्हाई मी. समोरचा देतो. देऊ द्या.” आणि खाली बसले. त्यांनी हे कधीपासून सुरू केलं होतं, मला माहीतच नव्हतं. मॅडम पुढच्या रांगेतून मागं वळून त्यांच्याकडं बघत होत्या. नंतर चहाच्या वेळी दोघं बराच वेळ बोलत उभे होते. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

आता मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. बुरशी माझ्याबरोबर आली; काचेच्या नळ्यांत, फ्रिजमध्ये असते, आणि मी तिला ठरावीक काळानं नव्या खाद्यावर हलवते. भाजून निर्जंतुक केलेल्या मातीत ती काम करते. खऱ्या मातीत, जिथं हजार दुसरे जीव असतात, तिथं ते तिला दाबून टाकतात. एका परिषदेत अध्यक्षांनी सल्ला दिला, “हा विषय आता जुना झाला, सोडून द्या.” मी म्हटलं, नळ्या जुन्या झाल्या का? मातीतलं तेल जुनं झालं का? ते जेव्हा संपेल तेव्हा मी सोडीन.

मागच्या विज्ञान दिनाला पाहुणे येणार होते. प्राचार्यांनी माझ्या टेबलामागं फलक लावून ठेवला होता: ‘प्लास्टिक खाणारी बुरशी’. बरणीत पिशवीचे बारीक तुकडे करून ठेवा, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसेल, असा निरोपही शिपायाबरोबर आला होता. मी फलक उतरवला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर जाड पेननं लिहिलं: ‘ही बुरशी प्लास्टिक खात नाही. प्लास्टिकमधून सुटलेलं तेल ती मोडते. फार सावकाश मोडते.’ प्राचार्य फेरी मारत आले.

“अहो, हे वाचायला कोण थांबेल?”

“थांबेल त्याला सांगीन, सर.”

“पाहुणे पुढच्या टेबलाला निघून जातील.”

“जाऊ द्या,” मी म्हटलं आणि फलक खिळ्याला नीट अडकवला.